लाल कड्यांच्या मुलखात: व्हर्मिलियन क्लिफ्सला पहिल्यांदा जाणाऱ्या खान्देशकरांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच मुलं आता अमेरिकेत नोकरीला आहेत आणि त्यांच्याकडे सहा-सहा महिने राहायला जाणारे आई-वडीलही गल्लोगल्ली भेटतात. मुक्काम फिनिक्सला किंवा लास वेगासच्या बाजूला असेल तर ग्रँड कॅन्यन बघणं होतंच. त्याच्याच थोडं वर, ॲरिझोना राज्याच्या उत्तर टोकाला आणि युटा राज्याच्या हद्दीला खेटून, व्हर्मिलियन क्लिफ्स नावाचं राखीव क्षेत्र आहे. शेंदरी, विटकरी, हळदी, जांभळट अशा थरांचे वालुकाश्माचे कडे, मधे वाळू आणि खुरटी झुडपं, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. तिथे कसं जायचं, घरातल्या कोणी काय बघायचं आणि कशाच्या नादी लागायचं नाही, ते इथे सांगतो.

जागा कशी आहे

९ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी हा भाग ‘नॅशनल मॉन्युमेंट’ म्हणून जाहीर केला. क्षेत्रफळ सुमारे २ लाख ८० हजार एकर, म्हणजे आपल्या यावल अभयारण्याच्या सहापटीहून मोठं. कारभार ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्रीय खात्याकडे. मॉन्युमेंट म्हटल्यावर कमान, तिकीट खिडकी, उपाहारगृह असं काही डोळ्यांसमोर आणू नका. आत माहिती केंद्र नाही, पिण्याच्या पाण्याचा नळ नाही, आतले रस्ते कच्चे आणि फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही. मुलाने ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हटलं तर त्याला आताच अडवा. गेल्यावर बघता येईल असं तिथे कोणी नसतं.

दगडाबद्दल थोडं, कारण ते ठाऊक असलं की बघण्याची गोडी वाढते. आपला अजिंठ्याचा आणि सातमाळ्याचा डोंगर काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यातून तो घडला. व्हर्मिलियन क्लिफ्सच्या माथ्यावरचा नावाहो वालुकाश्म त्याच्याही खूप आधीचा, साधारण १९ कोटी वर्षांपूर्वीचा. तिथे तेव्हा वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. त्या टेकड्या गाडल्या गेल्या, वाळूचे कण एकमेकांना चिकटले आणि त्यांचा दगड झाला. दगडात आज ज्या तिरप्या रेघा दिसतात त्या त्या जुन्या टेकड्यांच्या उतारांच्या. रंग लोहाचे. भूजलाने लोह कुठून धुऊन नेलं, कुठे आणून साठवलं, त्यावर दगड लाल होणार, पिवळा राहणार की पांढरा पडणार हे ठरलं. कडे काही ठिकाणी ३,००० फूट उंच आहेत, आणि पायथ्याशी दिसणारे जांभळे-राखाडी थर वालुकाश्माहूनही जुने आहेत.

कधी जायचं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरची अखेर ते नोव्हेंबर. एवढंच लक्षात ठेवा. जून ते ऑगस्ट ऊन जीवघेणं असतं. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथेही पावसाळा असतो आणि तिथले लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. फरक असा की आपल्यासारखी झड लागत नाही, दुपारी ढग येतो आणि तासाभरात नाले भरभरून वाहायला लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी थंडी कडाक्याची, कधी बर्फही. मुलांना सुट्टी मिळते नेमकी जुलैत किंवा नाताळात, ही अडचण खरी आहे. तरी आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर सुट्टी मागून घ्या, पण ऑक्टोबरच पकडा.

कोणी काय बघायचं

बहुतेकांची गाडी इथे घसरते. इंटरनेटवर ‘द वेव्ह’चा, म्हणजे लाटेसारख्या वळणदार दगडाचा फोटो बघायचा आणि तेवढ्यासाठीच सहल आखायची. त्या जागेला रोज मोजक्याच माणसांना सोडतात, तेही सोडत काढून. नंबर लागला नाही की सहलच रद्द, असं करणारे लोक आहेत. वेव्ह हा या मुलखाचा एक लहानसा कोपरा आहे. बाकीचा बहुतेक मुलूख बघायला सोडतीची गरज नाही. म्हणून आधी घरात बसून ठरवा की कोण किती चालणार आणि गाडी कुठली आहे.

ज्यांचे गुडघे बोलतात त्यांच्यासाठी ८९-ए हा डांबरी महामार्ग पुरेसा आहे. नावाहो ब्रिजपासून जेकब लेक या वस्तीपर्यंत साधारण ६५ किलोमीटर, आणि त्यातला बराच रस्ता कड्यांच्या पायथ्यालगत जातो. सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना जा, दुपारच्या उन्हात सगळे रंग फिके पडतात. नावाहो ब्रिजला नक्की थांबा. एकाला एक लागून दोन पूल आहेत. १९२९ चा जुना पूल आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आणि १९९५ चा गाड्यांसाठी. खाली कोलोरॅडो नदी, पुलापासून ४६७ फुटांवर. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी टोकाशी उभं राहून बघितलं तरी चालतं.

पुलाच्या कठड्याखाली लोखंडी तुळयांवर मोठे काळे पक्षी बसलेले दिसले तर घाई करू नका. तो कॅलिफोर्निया कॉन्डोर, तिथलं गिधाड, पंखांचा पसारा साडेनऊ फुटांपर्यंत. १९८० च्या दशकात जगात अवघे २२ उरले होते. पकडून पैदास केली आणि डिसेंबर १९९६ मध्ये याच कड्यांवरून इथले पहिले सहा सोडले. पंखांवर नंबरचे बिल्ले असतात, दुर्बिणीतून वाचता येतात. आपल्याकडे गुरांच्या डायक्लोफिनॅक औषधाने गिधाडं संपली आणि २००६ मध्ये त्या औषधावर बंदी आली. तिथे त्यांचा मोठा शत्रू म्हणजे शिकाऱ्याच्या गोळीतलं शिसं, मेलेल्या जनावराच्या मांसातून पोटात जाणारं. गावाबाहेरच्या ढोरफोडीवर गिधाडांची झुंबड पाहिलेल्या पिढीला हा पक्षी बघताना काय वाटेल ते मी सांगायला नको. हाउस रॉक व्हॅली रोडवर, ८९-ए पासून चार-पाच किलोमीटर आत, कॉन्डोर बघण्यासाठीच केलेली जागा आहे.

पुलाजवळूनच लीज फेरीला डांबरी फाटा जातो. पूल होण्याआधी नदी ओलांडायची नाव इथे होती. पारिया नदी इथे कोलोरॅडोला मिळते आणि ग्रँड कॅन्यनमधून जाणारे तराफे इथूनच निघतात. आजी-आजोबांना पाण्याकाठी बसता येतं, ही या सबंध प्रवासातली दुर्मीळ सोय. हा भाग शेजारच्या ग्लेन कॅन्यन क्षेत्रात येतो, त्यामुळे प्रवेशशुल्क वेगळं. ८९-ए वरून पुढे जेकब लेककडे जाताना रस्त्याकडेला पडलेल्या प्रचंड शिळांच्या आडोशाने बांधलेली जुनी दगडी घरं लागतात, तिथे पाच मिनिटं उतरा.

जे दोन-तीन तास चालू शकतात त्यांनी वायर पास बघावा. माझ्या मते पहिल्या खेपेला हीच जागा सर्वांत उत्तम. सोडत नाही, माणशी ६ डॉलर दिवसाचं शुल्क आहे. कोरड्या नाल्यातून चालत जायचं. हळूहळू दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येतात, इतक्या की काही ठिकाणी पाठीवरची पिशवी काढून आडवं व्हावं लागतं. साधारण पावणेतीन किलोमीटरवर ही घळ बकस्किन गल्च या मोठ्या घळीला मिळते. तिथल्या भिंतीवर जुन्या आदिवासींनी कोरलेली रानमेंढ्यांची चित्रं आहेत. त्यांना हात लावू नका, बोटांच्या तेलानेही ती खराब होतात. वाटेत एका ठिकाणी पुरुषभर उंचीवरून खाली उतरावं लागतं. दर पुरात वाळू सरकते तशी तिथली उंची बदलते, म्हणून ज्येष्ठांनी तिथपर्यंत जाऊन परत फिरलं तरी काही बिघडत नाही. बकस्किन पुढे वीस किलोमीटरच्या आसपास लांब आहे. पहिल्या खेपेला त्यात शिरू नका.

व्हाइट पॉकेट ही तिसरी जागा. पांढरा, गुलाबी, पिवळा दगड घोटून ओतल्यासारखा. परमिट लागत नाही, पण रस्ता खोल वाळूचा. फोर-व्हील ड्राइव्ह आणि वाळूत गाडी चालवायचा सराव, दोन्ही हवंच. युटातल्या कॅनब गावातून वाटाडे त्यांच्या गाडीने नेतात. महाग पडतं, पण वाळूत रुतलेली गाडी ओढून काढायचं बिल त्याहून महाग पडतं.

वेव्हची सोडत

तरीही वेव्हच बघायचा असेल तर नियम असे. दिवसाला जास्तीत जास्त ६४ माणसं किंवा १६ गट, जे आधी भरेल ते. त्यातल्या ४८ जागा चार महिने आधीच्या ऑनलाइन सोडतीतून जातात. नोव्हेंबरला जायचं तर अर्ज जुलैत करायचा, निकाल १ ऑगस्टला. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडायचं, तीन तारखा निवडायच्या, ९ डॉलर भरायचे. नंबर लागो न लागो, ते ९ डॉलर परत येत नाहीत. लागला तर माणशी आणखी ७ डॉलर. एका गटात सहाच जण, म्हणून दोन बिऱ्हाडं मिळून जाणार असाल तर आधीच विचार करा.

उरलेल्या १६ जागांची सोडत दोन दिवस आधी निघते. सकाळी ६ ते संध्याकाळी ६ मध्ये मोबाइलवरून अर्ज करायचा आणि फोन त्या वेळी कॅनब, पेज अशा आसपासच्या ठरलेल्या भागातच असावा लागतो. फिनिक्समध्ये सोफ्यावर बसून हा अर्ज जात नाही. नंबर लागला तर खात्याची माणसं सुरक्षिततेची माहिती देतात, तिथे जातीने हजर राहणं सक्तीचं आहे. त्या वेळी वाटेतल्या खुणांचे फोटो असलेला नकाशा मिळतो. तो जपा, कारण पुढे आखलेली पायवाट नाही. जाऊन-येऊन दहा किलोमीटरच्या आसपास, अर्धं उघड्या खडकावरून आणि अर्धं वाळूतून. जाताना दर थोड्या वेळाने मागे वळून बघा. परतीची वाट उलट्या बाजूने ओळखू येत नाही, आणि लोक चुकतात ते परत येतानाच.

गाडी आणि रस्ता

फिनिक्सहून निघालात तर फ्लॅगस्टाफवरून पेज किंवा नावाहो ब्रिजजवळचं मार्बल कॅन्यन, साडेचार तास धरा. लास वेगासहून कॅनब सुमारे ३२० किलोमीटर. मुक्काम कॅनबला किंवा पेजला. वायर पासला जायचं तर कॅनब बरं, नावाहो ब्रिज आणि लीज फेरीला पेज जवळ.

वायर पास आणि वेव्ह या दोन्हींसाठी हाउस रॉक व्हॅली रोडने जावं लागतं. महामार्ग ८९ वरून वळल्यावर साधारण १३ किलोमीटर कच्चा रस्ता. कोरडा असेल तर उंच चाकांची साधी गाडीही सावकाश जाते. ओला झाला की त्याची चिकणमाती होते. पावसात काळ्या रानात अडकलेला ट्रॅक्टर ज्याने काढला आहे त्याला पुढचं समजावून सांगायला नको. फोर-व्हील ड्राइव्हसुद्धा तिथे जागच्या जागी फिरत राहते. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर खात्याच्या कार्यालयात फोन करून रस्ता विचारा.

भाड्याची गाडी घेताना करार पूर्ण वाचा. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई करतात आणि तिथे काही झालं तर विमा अंगावर येतो. तुम्ही स्वतः चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना भारतातूनच काढून न्या, तिथे गेल्यावर तो मिळत नाही. पेट्रोल पंप दिसेल तिथे टाकी भरून घ्या.

घड्याळाची एक गंमत आहे, ती आधी कळलेली बरी. उन्हाळ्यात युटा घड्याळ तासभर पुढे करतो, ॲरिझोना करत नाही. ॲरिझोनातच असलेला नावाहो आदिवासींचा प्रदेश मात्र करतो. रस्ता या तिन्हींच्या सीमांवरून जातो आणि फोन ज्या टॉवरला चिकटेल तशी वेळ दाखवतो. वाटाड्याची किंवा माहिती-बैठकीची वेळ ठरवताना कुठली वेळ म्हणताय ते स्पष्ट विचारा आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा.

ऊन आणि पाणी

“आम्ही भुसावळचे, आम्हाला उन्हाचं काय सांगता?” हे वाक्य मुलांना हमखास ऐकावं लागतं. भुसावळकराचं ऊन कळतं हे मान्य. पण आपण मे महिन्यात काय करतो ते आठवा. सकाळी अकराच्या आत बाजार उरकतो, दुपारी दारं लावून आत बसतो, बाहेर पडायचंच झालं तर डोक्याला रुमाल आणि वाटेत कडुनिंबाची सावली. म्हणजे आपलं शहाणपण ऊन टाळण्याचं आहे, सोसण्याचं नाही. तेच शहाणपण तिथे न्या. वाळवंटात कडुनिंब नाही, रसवंती नाही, आणि खडक खालूनही भाजतो. शिवाय मुलाच्या घरी दोन महिने एसीत काढल्यावर शरीराची उन्हाची सवय मोडलेली असते.

जुलै २०१३ मध्ये वेव्हच्या वाटेवर एकाच महिन्यात तीन पर्यटक गेले. त्यातलं एक जोडपं सत्तरीच्या आसपासचं होतं, एक बाई अवघी २७ वर्षांची. म्हणून माणशी किमान चार लिटर पाणी पाठीवर, आणि वेगळा साठा गाडीत. पाणी एवढं जड कशाला, असं म्हणून कोणी बाटली काढून ठेवत असेल तर त्याला चालायलाच नेऊ नका. निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून परत. नुसतं पाणीही उपयोगाचं नाही, सोबत ओआरएस किंवा मीठ-साखर हवं. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. तसली गोळी चालू असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्या. प्रवासाचा आरोग्य विमा काढताना आधीचे आजार लपवू नका.

घळीत जाण्याआधी हवामान बघाच, आणि तेही फक्त डोक्यावरचं नको. पाऊस तीस-चाळीस किलोमीटरवर पडतो आणि लोंढा तुमच्या घळीत येतो, वर निळं आभाळ असताना. बकस्किनच्या उंच भिंतींमध्ये अडकलेले ओंडके मान वर करून बघा, पाणी कुठपर्यंत चढतं ते कळेल. अंदाजात पावसाची शक्यता असेल तर वायर पास रद्द करून ८९-ए ने फिरा.

घरून निघण्याआधी

महिनाभर चालायचा सराव ठेवा. मेहरुण तलावाची सपाट चक्कर पुरत नाही. धुळेकरांनी ललिंगचा किल्ला चढावा, चाळीसगावकडच्यांनी पाटणादेवीहून कन्हेरगडावर जावं. वाळूतून चालायचा सराव गिरणेच्या पात्रात करता येईल, जिथे वाळू उरली आहे तिथे. नवे बूट घेणार असाल तर ते इथेच वापरून मऊ करा.

खाण्यात दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, खारे शेंगदाणे, गुळाच्या वड्या. उन्हात खारट गोष्टी कामाला येतात. दशम्या मुलाच्या घरी करा, दोन दिवस सहज टिकतात. भारतातून खाद्यपदार्थ नेताना विमानतळावरच्या कस्टमच्या अर्जात ते लिहायचे असतात, न लिहिल्यास दंड होतो. ताजी फळं, बियाणं न्यायला बंदी आहे, तेव्हा रावेरची केळी इथेच खाऊन घ्या, वेफर्स न्या.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि मोठ्या काठाची टोपी. उपरणं किंवा गमछा नक्की ठेवा, ओला करून मानेवर टाकता येतो. बायकांनी साडीपेक्षा पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपँट घालावी, झुडपांचे काटे आणि खडकाच्या कडा साडीला सोडत नाहीत. शौचालय वायर पासच्या वाहनतळावर आहे, पुढे वाटेत कुठेही नाही. तिथे पाणी नसतं, टिश्यू पेपर स्वतःचा न्या आणि वापरलेला कागद पिशवीत घालून परत आणा.

वाटेत मातीवर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसेल. ते सूक्ष्म जीवांचं जिवंत आवरण आहे, त्यानेच तिथली माती वाऱ्यावर उडत नाही. एका पावलाने मोडलेलं भरून यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून खडकावरून किंवा नाल्याच्या वाळूतून चाला. गोट्यांसारखे लोहाचे गोल खडे पसरलेले असतात, नातवंडं लगेच खिशात घालतात. ते उचलायला बंदी आहे, खिसे तिथेच रिकामे करून घ्या. या क्षेत्राचा बराचसा भाग १९८४ पासून कायद्याने ‘वाइल्डरनेस’ आहे, तिथून ड्रोन उडवता येत नाही.

निघताना कुठे जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे घरच्या कोणाला तरी लिहून द्या. ठरलेल्या वेळेला फोन आला नाही तर त्याने कोणाला कळवायचं, तो नंबरही त्याच कागदावर लिहा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कागदावरचाही जवळ असू द्या. फोन थंडीत आणि उन्हात, दोन्हींत दगा देतो.

परतताना कॅनबला किंवा पेजला गाडी धुऊन घ्या. तिथली लाल धूळ दाराच्या फटींत, बोनेटखाली, सगळीकडे बसते, आणि भाड्याच्या गाडीवर ती बघून कंपनीचा माणूस पहिला प्रश्न रस्त्याचाच विचारतो.